नंदकिशोर सरांचं नाक

दारव्ह्यात कॉफी पिणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि कॉफीवर बोलणारा माणूस एकच, नंदकिशोर सर. हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवायची खोड काही गेली नाही. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर कॉलनीतली चार निवृत्त मंडळी जमत. सर पितळी फिल्टरमधून काळीभोर कॉफी गाळत आणि तिच्यासोबत जगाचा इतिहास पाजत. इथिओपियाच्या शेळ्या लाल फळं खाऊन कशा नाचल्या म्हणे, येमेनचे सूफी रात्र जागवायला कॉफी कशी पीत, मक्केत तिच्यावर बंदी कशी आली, आणि बाबा बुडन सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात कसे पोचले. ऐकणाऱ्यांना हे सगळं पाठ झालं होतं. तरी ते येत, कारण सोबत सुहासिनीबाईंच्या हातचे पोहे असत.

सरांना गर्व होता तो आपल्या नाकाचा. पुतण्या मंदार बंगळूरहून चिकमगळूरची पूड पाठवायचा. डोळे बांधून शंभर कप समोर ठेवले तरी ही कॉफी मी वासावरून ओळखीन, असं ते छातीठोकपणे सांगत. दोन वर्षांपूर्वी छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांनी कॉफी बंद करायला सांगितलं होतं. सरांनी ऐकलं नाही, आणि धडधड आपोआप थांबली. तेव्हापासून व्याख्यानात नवं कलम आलं, की अस्सल कॉफीनं झोप उडत नाही, झोप उडते ती भेसळीनं.

मार्चमध्ये सुहासिनीबाई लेकीच्या, आभाच्या, बाळंतपणाला नागपूरला गेल्या. घर मानीबाईवर सोडलं. मानीबाई जवळच्या तांड्यावरची, बारा वर्षांपासून कॉलनीतल्या तीन घरची धुणीभांडी करणारी. एका शनिवारी डब्यातली पूड संपली. महिन्यापूर्वी नवं पाकीट पाठवल्याचं मंदारनं कळवलं होतं, पण ते कपाटात कुठेच सापडेना. त्याच संध्याकाळी फिरायला निघालेले सर तांड्याच्या बाजूनं गेले आणि मानीबाईच्या दारापाशी थबकले. आतून वास येत होता, तोच ओळखीचा, खमंग आणि किंचित कडवट. सरांनी आत डोकावूनही पाहिलं नाही. स्वतःच्या नाकापुढे आणखी पुरावा कशाला हवा होता?

दुसऱ्या दिवशी रविवार. सर प्रशियाच्या राजाची गोष्ट सांगत होते. त्या राजानं लोकांना घरी कॉफी भाजायची मनाई केली आणि निवृत्त शिपाई गल्लोगल्ली वास घेत फिरायला लावले. एवढ्यात मानीबाई पाण्याचे पेले घेऊन आली. सरांना उपमा आयती मिळाली. काल आपल्यालाही एक चोर वासावरून सापडला, असं म्हणून त्यांनी चौघांदेखत विचारलं, "मानीबाई, माझी कॉफी तुझ्या घरी कशी गेली?"

तिनं पेले खाली ठेवले. मग हळूच म्हणाली, "बाईले येऊ द्या, सर. मंग बोलू."

सरांनी याचा अर्थ लावला तो असा, की ही आता बाईंच्या पदराआड लपू पाहते. मंडळींपैकी अब्दुल गनी म्हणालेसुद्धा, की सर, घरात आधी नीट पाहून तर घ्या. पण इतिहासाच्या मास्तरला कोण थांबवणार? त्यांनी तिला त्याच वेळी कामावरून काढलं. आठवडा संपायच्या आत उरलेल्या दोन घरांनीही तिला नको म्हटलं.

सरांनी यवतमाळहून बाजारातली कॉफी आणवली. दोन दिवसांत धडधड परत आली, रात्रीची झोप गेली. बघा भेसळीचा प्रताप, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

सुहासिनीबाई परतल्या आणि मानीबाई का येत नाही ते ऐकताच त्यांनी खरं सांगून टाकलं. मंदारचं पाकीट त्यांनीच आभाकडे नेलं होतं. मागची दोन वर्षं सगळी पाकिटं अशीच कुणाकुणाला वाटली जात होती.

"मग मी पीत होतो ते काय?" सरांनी विचारलं.

"तरोटा."

तरोटा म्हणजे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजणारं तण, बिया भाजल्या की थेट कॉफीसारखा वास देणारं. त्याच्या बिया मानीबाई वेचायची, कढईत भाजायची, कुटायची आणि गुपचूप डब्यात भरायची. त्या शनिवारीही ती सरांचाच डबा भरायला बिया भाजत होती.

"मग बोलली का नाही ती?"

"मीच शपथ घातली होती. तुम्हाला कळलं तर तुम्ही परत कॉफी धराल म्हणून. आणि चार लोकांत तुमचं हसं नको म्हणून."

सरांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. दोन वर्षं रानातल्या बियांवर व्याख्यानं झोडली, ही लाज तर होतीच. पण जिनं आपली अब्रू झाकली तिला आपण चोर म्हटलं, ही लाज त्याहून मोठी होती. संध्याकाळी एक लुगडं घेऊन ते मानीबाईच्या दारात गेले. चुकलो, म्हणाले.

मानीबाईनं लुगड्याला हात लावला नाही. "चोर म्हनलं तवा चार मानसं होते, सर. माफी मांगाले तुमी एकलेच आले."

रात्रभर सरांना ते वाक्य सोडेना. रविवारी त्यांनी ओसरीवर सगळं सांगितलं, तरोट्यासकट. मंडळी पोट धरून हसली आणि सरांनी मान खाली घालून हसू दिलं. अब्दुल गनी तेवढे हसले नाहीत. मग सर मानीबाईला सोबत घेऊन त्या दोन घरी निघाले. पहिल्या घरानं तिला उद्यापासून ये म्हटलं.

दुसरं घर गौरीताईंचं. मानीबाई फाटकाशी थांबली. सरांनी पायरीवर उभं राहून सांगितलं, की चोरी झालीच नव्हती, चूक माझी होती, मी खोटा आळ घेतला.

गौरीताईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं मन मोठं आहे, सर, म्हणून पाठीशी घालता तिला," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यासारखा माणूस चौघांत उगाच कुणाला चोर म्हणेल का? आम्ही लावली दुसरी बाई."

सरांनी पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. गौरीताई मान डोलावत राहिल्या आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

सर पायरीवरच उभे राहिले. मागे फाटकाशी मानीबाईनं सगळं ऐकलं होतं, आणि तिच्याकडे वळून पाहायची त्यांना हिंमत होईना.