नातीच्या गाडीसाठी जागा

माझा उभा जन्म आगगाडीचं इंजिन चालवण्यात गेला, आणि इंजिनाला वळवायचं हँडल नसतं. रूळ नेतील तिकडं जायचं, सिग्नल सांगेल तिथं थांबायचं. त्यामुळे दौंडच्या आमच्या घरासमोर मुलानं छोटी डर्ट बाइक आणून उभी केली आणि अकरा वर्षांच्या नातीनं, आबा तुम्हीच शिकवा, असा हट्ट धरला, तेव्हा हसावं की रडावं मला कळेना. मला स्कूटरसुद्धा बेताचीच येते. सायकलवरून उतरताना मी अजून देवाचं नाव घेतो.

गाडी जुनीच होती, जाड खाचांच्या टायरांची, मातीत पळवायची. मुलगा कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. पुण्याकडची पोरं अशा गाड्या उड्या मारत चालवतात ते त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं, आणि बापाची हौस लेकीच्या डोळ्यांत उतरायला कितीसा वेळ लागतो? सुनेनं एकच अट घातली. सुरक्षित जागा मिळाली तर शिकायचं, नाहीतर गाडी माळ्यावर जाईल. मुलगा म्हणाला, त्यात काय, कॅनॉलच्या रस्त्यानं शिकवतो, मीपण तिथंच शिकलो. त्या रस्त्याला एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर. गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली, की मागनं कोण हॉर्न वाजवतंय ते ड्रायव्हरला कळत नाही. मी म्हणालो, तू रविवारी झोप काढ, मी शिकवतो. म्हणजे हे घोंगडं मी आपण होऊन गळ्यात घेतलं.

मी भित्रा आहे असं घरात सगळे म्हणतात. आहेच मी. पण इंजिनात बसलेल्या माणसाची भीती वेगळी असते, आणि ती मी घरी कधी सांगितली नाही. रुळावर माणूस दिसतो. आपण ब्रेक मारतो, हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि त्यानंतर करण्यासारखं काही उरत नाही. एवढी वजनदार गाडी, ती तिच्या हिशेबानं थांबते. तेवढा वेळ आपण काचेतून नुसतं बघत बसायचं. नोकरीत हे माझ्या वाट्याला एकदाच आलं असं नाही. तेव्हापासून कुठलंही चाक फिरताना दिसलं, की मला आधी दिसतं ते त्याच्या पुढं काय आहे.

तर जागा शोधायला लागलो. आधी घराजवळचं रेल्वेचं मैदान पाहिलं. तिथं पोरांचं क्रिकेट, आणि कडेला पाटी, की इथं वाहन आणू नये. नोकरीत असताना अशा पाट्या वाचून मीच लोकांना हाकललं होतं, आता कोणत्या तोंडानं जाणार? भीमेच्या काठाला गेलो तर वाळू उपसून केलेले खड्डे, वरून पाणी संथ आणि आत किती खोल ते कुणालाच ठाऊक नाही. मुलानं सुचवलं, कुरकुंभच्या एमआयडीसीत मोकळे प्लॉट आहेत, रविवारी कुणी नसतं. गेलो. गवत कमरेएवढं, आणि चालता चालता माझा पाय एका उघड्या चेंबरच्या तोंडाशी थांबला. त्याचं लोखंडी झाकण कुणीतरी भंगारात घातलं असणार. नात म्हणाली, आबा, आपण इथं कडेकडेनं चालवू. मी तिचा हात धरून तिला रस्त्यापर्यंत आणलं आणि तो टेम्पोत बसेपर्यंत सोडला नाही.

यवतजवळ सुनेच्या माहेरच्यांचं रान आहे. ऊस नुकताच तुटला होता, म्हणून मोठ्या आशेनं गेलो. उसाची तुटलेली बुडखं भाल्यासारखी वर आलेली. बांधाला कठडा नसलेली विहीर. त्यापलीकडं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, ज्यात पडलेल्या कुत्र्यालासुद्धा वर येता येत नाही, पाय निसटतात. आणि शेजारच्या उभ्या उसात बिबट्या आहे, असं त्यांनी चहा देता देता सांगितलं, जसं काही पाहुणा आलाय. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनाला त्या दिवशी चिंतायला काही शिल्लकच राहिलं नाही. घरी येताना नात माझ्याकडं पाठ करून बसली. तिला वाटलं, आबा मुद्दाम नाही म्हणतायत. थोडं खरंही असेल ते. पण गाडी माळ्यावर गेली तर ती गप्प बसणारी नव्हती. एक दिवस बापाला उठवून कॅनॉलवर गेली असती, आणि त्या विचारानं माझी झोप उडाली होती.

शेवटी जागा सापडली ती शिरूर तालुक्यात, माझ्या बहिणीच्या सासरी. तिकडं जत्रेला बैलगाड्यांच्या शर्यती होतात. त्यासाठी गावाबाहेर चढावर मातीची सरळ धाव केलेली असते, तिला घाट म्हणतात. दोन्ही अंगांना बसायला उंच बांध. बैल खालून सुटतात, चढ चढत वर निशाणापर्यंत जातात, आणि निशाणापलीकडच्या मोकळ्या रानात माणसं त्यांना धरतात. जत्रा झाली की वर्षभर तिथं शेळ्या चरतात. मी घाट पाहिला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आम्हा इंजिनवाल्यांना चढासारखा प्रामाणिक ब्रेक माहीत नाही. पोरीनं घाबरून हात सोडला तरी गाडी आपोआप मंदावणार.

घाटाचं सगळं बघतात ते बहिणीचे थोरले दीर, आप्पा. मला वाटलं होतं, बैलांच्या जागेत पोरीची फटफटी म्हटल्यावर ते चिडतील. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिलं, आणि मला म्हणाले, "पाव्हणं, जत्रंच्या आदल्या दिशी आख्खं गाव वाकून हितलं खडं येचतं. बैलाच्या खुराला खडा लागाया नगं म्हणून. जनावरासाठी येचतो, आन् पोरीला न्हाई म्हणू व्हय?" फक्त गोऱ्ह्यांचा सराव असेल त्या दिवशी आवाज करायचा नाही, एवढी अट होती. गाडीपुढं नारळ फोडायला त्यांनी मलाच लावलं. तो एका फटक्यात फुटला नाही, आणि त्याचीही मला दिवसभर रुखरुख लागली.

मग रविवारचा नेम सुरू झाला. शेजाऱ्याच्या भाजीच्या टेम्पोत गाडी घालून यायचं. आधी मी आणि नात घाट चालत चढायचो, खडे वेचत. हेल्मेट, गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड. मनगटाला दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं. ही दोरी मला फार आवडली, ज्यानं काढली त्याचं भलं होवो. गाडी चालवायचं तिला बापानं अंगणातच समजावलं होतं. मी उंटावरून शेळ्या हाकणार, हे तिलाही कळत होतं. म्हणून मला येतं तेच मी तिला शिकवलं.

इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की असिस्टंट हात दाखवून मोठ्यानं म्हणतो, हिरवा. मग ड्रायव्हर परत म्हणतो, हिरवा. रात्र असो, पाऊस असो, एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं परत म्हणायचं. नुसतं डोळ्यानं पाहिलेलं मन विसरतं. तोंडानं बोललं की मन जागं राहतं. नातीला सांगितलं, चालवताना जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, मला ऐकू आलं नाही तरी. मोकळं असेल तर मोकळं. थांबलीस तर इंजिन बंद करायचं, डावा हात वर करायचा आणि लाल म्हणायचं, आणि मी परत म्हटल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: सिग्नल नीट कळला नाही, शंका आली, तर तो लाल. शंकेला हिरवा नसतो. तिला हा खेळ वाटला. घरी स्वयंपाकघरात जातानाही ती ओरडायची, मोकळं.

सुरुवातीचे रविवार मी वर निशाणाशी उभा राहायचो, बैल धरायला राहतात तसा, दोन्ही हात पसरून. एकदा पडली, कोपर खरचटलं, मीच रडवेला झालो आणि तिनं माझी समजूत घातली. आप्पा बांधावरून हे सगळं बघत असायचे. एका रविवारी ते म्हणाले, "तुमी वर हुबं ऱ्हाता म्हणून पोरगी तुमच्याकडं बघती. वाटंकडं न्हाई. खाली या."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा घाट चढून गेलो, खडे वेचले, निशाणाशी उभा राहिलो, पलीकडच्या मोकळ्या रानाकडं पाहिलं, जिथं ती गाडी वळवते. कुणी नाही, कुत्रं नाही, शेळी नाही. मी मोठ्यानं म्हणालो, मोकळं. आणि खाली आलो.

ती सुटली. मागच्या चाकानं माती उडवली आणि लहान होत गेली. निशाण ओलांडलं, चढाच्या माथ्यावरून पलीकडं उतरली आणि दिसेनाशी झाली. आवाज येत होता तोवर ठीक होतं. एकाएकी आवाज बंद झाला.

नेहमी ती वळली की आवाज बदलून परत येतो. आला नाही. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी पळत सुटलो. माझे गुडघे जिना चढायला नाही म्हणतात, ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. चढ संपेचना. मी पळत होतो आणि मला इंजिनाची काच दिसत होती, तीच जुनी काच, ब्रेक मारून झाल्यावर जिच्यातून नुसतं बघायचं असतं. मनात एकच होतं, की मोकळं मी म्हणालो होतो.

माथ्यावर पोचलो तर ती गाडीवर बसलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पाठ माझ्याकडं. डावा हात वर. पुढं मोकळं रान, जसं मी पाहिलं होतं तसं.

"काय झालं गं?" मी धापा टाकत विचारलं.

"आबा, ते पाखरू हवेत बसलंय," ती म्हणाली. "कशावर बसलंय ते दिसत नाही. मग शंका आली."

तिच्यापुढं दोन हातांवर एक वेडा राघू बसला होता, हिरवागार, शेपटी हलवत. माझी चाहूल लागली तसा तो उडाला आणि तो बसला होता तिथं हवा थरथरली. मी जवळ गेलो तेव्हा तार दिसली. पलीकडच्या शेतकऱ्यानं मका टाकला होता आणि रानडुकरांसाठी त्या आठवड्यात विजेच्या झटक्याच्या तारा ओढल्या होत्या, लांब लांबच्या काठ्यांवर, दोऱ्याएवढ्या बारीक. त्याचं काही चुकलं नव्हतं, जत्रेशिवाय तिकडं येतं कोण? खालची गवतात होती, वरची माझ्या कमरेच्या जरा वर. मी वळून गाडीवर बसलेल्या नातीकडं पाहिलं आणि ती उंची तिच्या कुठं येते ते पाहिलं. हेल्मेट जिथं संपतं आणि शर्टाची कॉलर जिथं सुरू होते, बरोबर तिथं.

मी तिथंच मातीत बसलो. मागून आप्पा आले, त्यांनी तार पाहिली, डोक्याची टोपी काढली आणि त्या शेतकऱ्याच्या वस्तीकडं चालू लागले. आयुष्यभर मी ब्रेक मारून बघत बसलो होतो, आणि ही एवढीशी पोर दोन हात आधी थांबली होती.

"लाल," ती म्हणाली.

मी नुसता तिच्याकडं बघत राहिलो. ती मान वळवून माझी वाट बघत होती, हात तसाच वर.

"आबा, तुम्ही परत म्हणा ना," ती म्हणाली. "माझा हात दुखतोय."