देणाऱ्याला वाचून दाखवायचं

हल्ली माझ्याकडे दस्त करून घ्यायला कुणी येत नाही, तपासून घ्यायला येतात. समोरच्या खुर्चीत बसतात, मोबाइल माझ्या नाकासमोर धरतात आणि म्हणतात, "मॅडम, ड्राफ्ट तयारच आहे, फक्त एक नजर टाका." कुणी केला म्हणून विचारलं, तर एआयनं. नजर टाकायचे किती घेता, हा लगेच पुढचा प्रश्न. तीस वर्षं भाडेकरार, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं लिहिण्यात घालवली आणि आता माझी किंमत एका नजरेवर आली. बरं, त्यात एखादा शब्द बदलला तर ही माणसं माझ्यासमोरच मोबाइलला विचारतात आणि मला ऐकवतात, "ते म्हणतंय हा शब्द नको." पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं हे सगळे 'ते' म्हणतात. डोकं फिरतं माझं.

पण मीही धुतल्या तांदळासारखी नाही. गेल्या वर्षी एका ओळखीच्या वकिलानं माझ्या कॉम्प्युटरवर मसुदे तपासायचा असाच एक प्रोग्रॅम टाकून दिला. अकरा पानी दस्त तो अर्ध्या मिनिटात वाचतो आणि खाली लिहितो, 'मसुदा स्पष्ट व परिपूर्ण आहे.' पहिला महिनाभर मी त्याच्या मागोमाग स्वतःही वाचत होते. मग एकदा कंटाळा केला, मग दुसऱ्यांदा केला, आणि मग वाचणं सुटलंच. द्वारका चौकातल्या हॉर्नच्या गोंगाटात माझं ऑफिस आहे, तिथं दुपारी चारनंतर असंही काही डोक्यात शिरत नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं.

वाचनाबरोबर आणखी एक सवय सुटली. मी ज्या सरांच्या हाताखाली काम शिकले, त्यांचा एक दंडक होता. सहीआधी दस्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचा, आणि तोही जो काही देतोय किंवा सोडतोय त्याच्याकडे तोंड करून. सर म्हणायचे, घेणारा आपला कागद वाचतोच, देणाऱ्याला वाचून दाखवायचं. त्या वेळी बाकीच्यांनी गप्प बसायचं, चहासुद्धा नंतर. लोक जांभया द्यायचे, घड्याळं बघायचे, पण सर एक ओळ गाळू देत नसत. मी ते एकोणतीस वर्षं पाळलं. प्रोग्रॅम आल्यावर मात्र सोडून दिलं, कारण ज्याला त्याला घाई होती आणि खरं सांगायचं तर मलाही होती.

अशातच तो माणूस आला. सातपूरला कारखान्यात सुपरवायझर, चाळिशीचा, बोलायला गोड. त्याच्या वडिलांचं मृत्युपत्र मीच केलं होतं. घर मुलगा आणि मुलगी दोघांना निम्मं-निम्मं. मुलगी मोठी, लग्नानंतर दोन वर्षांत परत आलेली, अंगणवाडीत मदतनीस. घराच्या मागच्या खोलीत तिचा एकटीचा संसार. वडील गेले तरी ती तिथंच होती. आता भावाला वरचा मजला चढवायचा होता आणि त्याच्या कर्जासाठी बँकेला घर एकाच्याच नावावर हवं होतं. बहीण आपला हिस्सा सोडायला तयार होती. मी त्याला एकच विचारलं, "आणि ताईंच्या खोलीचं काय?"

"ती कुठं जाणार? खोली तिचीच. ते काय सांगायला पाहिजे का, मॅडम?" असं म्हणून त्यानं मोबाइल पुढे केला. हक्कसोडपत्र तयार होतं. फक्त एक नजर.

मी तो मसुदा प्रोग्रॅमला दिला. स्पष्ट व परिपूर्ण. भाषासुद्धा अशी की माझ्या सरांनी पाठ थोपटली असती. मी तपासणीची फी घेतली, त्यानं प्रिंट घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही तिघं आणि दोन साक्षीदार रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात भेटलो.

तिथं गेल्यावर कळलं की सर्व्हर बंद आहे. हे तर ठरलेलंच. टोकन हातात, समोरच्या पडद्यावर तासभर तोच नंबर, पंख्याचं वारं नेमकं आपल्या बाकड्यावर सोडून सगळीकडे. भाऊ बाहेर-आत करत होता, साक्षीदार मोबाइलवर क्रिकेट बघत होते. बहीण माझ्या शेजारी बसली होती, पायाशी एक भली मोठी रेक्झिनची बॅग. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "गावाला निघालात का ताई?"

"बघू," ती म्हणाली.

तिनं बॅग आणखी जवळ ओढली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही वाचून दाखवता ना? बाबांच्या वेळी दाखवलं होतं."

"अहो, आता गरज नसते त्याची. कॉम्प्युटरनं सगळं तपासलंय."

"तरी वाचा. ह्याच्यासमोर वाचा."

मी वैतागले. उकाडा, तो बंद सर्व्हर, आणि त्यात अकरा पानं वाचायची. पण तिनं भावाला हाक मारून समोर बसवलंसुद्धा. मग मी चष्मा लावला आणि तिच्याकडे तोंड करून सुरुवात केली. मिळकतीचं वर्णन झालं, वडिलांचं मृत्युपत्र झालं, प्रेमापोटी हक्क सोडते ते झालं. सातव्या पानावर आले आणि वाचता वाचता माझाच आवाज मला ऐकू यायला लागला. "लिहून देणार यांनी त्यांच्या वापरातील मागील खोली आजपासून तीस दिवसांचे आत रिकामी करून तिचा ताबा लिहून घेणार यांस द्यावा. त्यानंतर लिहून देणार यांस सदर मिळकतीत राहण्याचा कोणताही हक्क राहणार नाही."

मी थांबले. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हे कुणी घातलं?" तो म्हणाला. "मी असं कुठं सांगितलं?"

"तुम्ही काय सांगितलं होतं ते काढा," मी म्हणाले.

त्यानं मोबाइल उघडला, बोटानं वर-खाली केलं, आणि मग मलाच वाचायला दिला. त्याचे शब्द होते, 'बहीण मागच्या खोलीत राहते. घर पूर्ण माझ्या नावावर पाहिजे. बँकेला काही अडचण नको.'

"मग बरोबर आहे," मी म्हणाले. "बँकेला अडचण नको म्हणालात. घरात अडचण कोण आहे, ते त्यानं शोधून काढलं."

हे मी त्याला सुनावलं खरं, पण माझा संताप माझ्यावरच होता. चूक असती तर ओरडायला तरी जागा होती. त्या कलमात कायद्यानं एक अक्षर चुकीचं नव्हतं. प्रोग्रॅमनं परिपूर्ण म्हटलं ते खोटं नव्हतं. त्याला ती बाई माहीत नव्हती, तिचे वडील माहीत नव्हते. मला दोघंही माहीत होते आणि मी वाचलं नव्हतं. भावानं वाचलं नव्हतं, कारण ते एआयनं केलं होतं आणि वर मी तपासलं होतं.

"ताई, आईची शपथ, मी पाहिलंच नाही गं," तो म्हणाला. "तू तरी काल वाचायचंस. प्रिंट घरात होती."

"वाचली ना मी," ती शांतपणे म्हणाली. "रात्री दोनदा वाचली."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला तोंडानं सांगायला जड जात असेल, म्हणून कागदात घातलंस. तुझ्यावर राग नाय रे." मग ती माझ्याकडे वळली. "आणि मॅडमनी केलेला कागद म्हटल्यावर विचार करूनच केला असणार. बाबांचा नव्हता का केला? म्हटलं, सही तर करायचीय, पण एकदा त्याच्या कानावर पडू दे. मग करते."

मला लाज वाटली, सरळ शब्दांत सांगायचं तर. बाई सही करणार होती. तिला फक्त ते भावासमोर मोठ्यानं म्हटलेलं ऐकायचं होतं.

ते कलम मी पेनानं खोडलं आणि टोकनच्या पाठीमागे नवीन लिहिलं, की मागच्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क बहिणीचा राहील आणि तो कुणालाही काढून घेता येणार नाही. बँक कुरकुर करेल, मी भावाला सांगितलं. "करू दे," तो म्हणाला. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून टाइप करून घेतलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. या वेळी साक्षीदारांनी मोबाइल खिशात ठेवले होते. तोवर सर्व्हर सुरू होऊन आमचा नंबर निघून गेला होता, पुन्हा टोकन घेतलं, अंगठे आणि फोटो व्हायला साडेचार वाजले.

बाहेर आल्यावर भावानं रिक्षा थांबवली आणि बहिणीची बॅग उचलायला गेला. एका हातानं उचलेना, दोन्ही हात लावले.

"केवढी जड आहे ताई! काय भरलंयस एवढं?"

"खोलीतलं," ती म्हणाली. "सगळं."

तो बॅग धरून तसाच उभा राहिला. रिक्षावाला "बसा ना लवकर" म्हणत होता. मग त्यानं बॅग मांडीवर घेतली, तिला आतल्या बाजूला बसवलं आणि घराचा पत्ता सांगितला. मी फुटपाथवर उभी होते. तपासून दिल्याची फी मी आदल्या दिवशीच घेतलेली होती.