लांब काढलेल्या चपला

माझी नात म्हणते, "आजी, तुझ्या वाटेला भूत जाणारच नाही. तू त्याच्याकडंसुद्धा व्हाउचर मागशील."

खरंय. अख्खी नोकरी मी सहकार खात्याच्या ऑडिट ऑफिसात काढली. ज्याची पावती नाही ते घडलंच नाही, एवढीच माझी श्रद्धा. छप्पन साली दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दीक्षा घेतली आणि अंगारे, उतारे सगळं घराबाहेर गेलं. मी तेव्हा पहिलीत होते. त्यामुळं असल्या गोष्टींना हसण्यातच माझं आयुष्य गेलं. तरी हे लिहितेय... पावती नाही, आधीच सांगते.

बहात्तरचा दुष्काळ, म्हणजे त्र्याहत्तरचा उन्हाळा. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद. परंड्याहून सोनारीकडं जाताना एका फाट्यावर उतरायचं आणि पाऊण तास चालायचं, अशा एका गावच्या सोसायटीचं ऑडिट माझ्याकडं आलं. गावाचं नाव लिहीत नाही. मुक्काम परंड्याला, रोज एसटीनं ये-जा.

मी तेवीस वर्षांची, ऑफिसात एकटीच बाई. आणि काय ते ध्यान! प्यायला पाणी नाही आणि बाईंच्या साडीला मात्र स्टार्च. वय मोठं दिसावं म्हणून बिननंबरचा चष्मा. हातात हिरव्या शाईचं पेन. वर एक नियम – जिथलं ऑडिट, तिथला चहा नाही, पाणीसुद्धा नाही. आपला थर्मास आपण आणायचा.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र हसण्यासारखी नाही. आमचं गाव जळकोटच्या बाजूचं, इथून लांब. माझ्या आडनावावरून काही कळत नसे. कुणी जात विचारली नाही, मी सांगितली नाही. दादा म्हणायचे, "लपायचं नाही." मी म्हणायची, "न विचारता कशाला सांगायचं?" मोठी शहाणी!

सोसायटीचं ऑफिस झाडायला गावकुसाबाहेरच्या वस्तीवरची एक म्हातारी यायची. धुरपदामावशी. अंगानं काडी, जीभ मात्र तिखट. पहिल्याच दिवशी म्हणाली, "गिरवा बाई, गिरवा. ह्या साली तेवढंच हिरवं दिसायलंय." सोसायटीचा सेक्रेटरी हसला. मलाही हसू आलं होतं, पण साहेबानं हसायचं नसतं ना...

बुधवारी दुपारी दोनलाच थर्मास संपला. मी तो उलटा करून झटकताना मावशीनं पाहिलं असावं. अर्ध्या तासानं ती दारात उभी. हातात पितळी तांब्या, तोंडावर पेला पालथा घातलेला. झाडायला आत येणारी, पण पाणी घेऊन उंबऱ्याच्या आत आली नाही.

"घासून आणलाय, बाई. टँकरचं पाणी हाय, सकाळचंच."

मी वर न बघता म्हणाले, "नको. घेऊन जा."

का नको, ते सांगितलं नाही. तिनं तांब्यावरचा पेला नीट बसवला. मग "बरं" म्हणाली आणि तांब्या पदराखाली घेऊन गेली.

तुम्ही म्हणाल, नियम म्हणजे नियम. थांबा. गुरुवारी चेअरमनच्या घरून ताक आलं, जिरं घातलेलं. ताक म्हणजे चहा नव्हे आणि पाणीही नव्हे, असा मी मनातल्या मनात शेरा मारला आणि दोन पेले रिचवले. पेला खाली ठेवला तर दारात धुरपदामावशी. हातात केरसुणी. त्या दिवशी तिनं एकही चेष्टा केली नाही. झाडलं आणि गेली.

माझे दादा लहानपणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायले होते. त्यांची मी लेक! "मावशी, मी आपल्यातलीच" एवढंच म्हणायचं होतं. गळ्याशी आलं होतं. पण समोर सेक्रेटरी बसला होता. ताकापाठोपाठ तेही गिळलं.

शुक्रवारी ती आली नाही. टेबलावर धूळ. मी – बघा तोरा – सेक्रेटरीला झापलं. तो म्हणाला, "येईल की बाई, म्हातारं माणूस हाय."

शनिवारी बाराला काम संपलं. वस्तीवर जाऊन तिला भेटावं, असं फार वाटलं. पण एसटी चुकली असती, म्हणून सरळ फाट्याकडं निघाले. थर्मास रिकामा. निम्म्या वाटेवर डोळ्यांपुढं पिवळं झालं, मग काळं. एका बाभळीच्या बुंध्याशी बसले, की पडले, आठवत नाही.

मानेखाली कुणीतरी हात घातला. घट्टे पडलेला, खरखरीत हात. मग तांब्या ओठाला लागला. थेट ओठाला.

"हळू पी, माय. ठसका लागंल."

धुरपदामावशी. पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले. मी म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी..."

"ठावं हाय. पयल्या दिशीच वळखलं म्या तुला."

"कशावरून?"

"चपलावरून. समदे उंबऱ्याला लागून काढत्यात. तू चार हात लांब काढतीस, भिताडाच्या कडंला. एवढी सायबीण झालीस, पर पायाला ठावं हाय कुठं थांबायचं ते."

"तुम्हाला वाईट वाटलं ना?"

"वाटलं की. लई वाटलं." माझी समजूत घालायला ती खोटं बोलली नाही. "पर तुला तहान लागली हुती न्हवं? ऊठ. गाडी आली बघ."

फाट्याकडं धुरळा उठला होता. मी उठून चार पावलं टाकली आणि मागं वळले. सरळ, सपाट वाट. आडोसा म्हणून ती एक बाभळ. माणूस नाही.

गेली असेल झपझप, असं म्हणून एसटीत चढले. कंडक्टर माझ्याकडं बघून म्हणाला, "काय बाई, दुष्काळात न्हाऊन आलाव का?" खाली पाहिलं तर पदर आणि पोलकं पुढून चिंब.

आठ दिवसांनी कागदांवर सह्या घ्यायला पुन्हा गेले. पिशवीत मावशीसाठी पावशेर साखर होती. कुठं आहे ती, असं सेक्रेटरीला विचारलं.

"धुरपदा? ती शुक्रवारी सकाळीच गेली की. टँकरच्या रांगेत पडली." मग जरा खाकरून म्हणाला, "वस्तीतलं मरण... तुम्हाला काय सांगायचं, म्हणून न्हाय बोललो."

शुक्रवारी सकाळी. मी पाणी प्यायले शनिवारी दुपारी.

वस्तीवर गेले. मावशीची सून दारात बसली होती. सासूचं नाव काढताच रडायला लागली. "घरात घागर भरलेली हुती, बाई. तरी रांगंला गेली. म्हणली, ताजं आणते. ती पोरगी आपल्यातली हाय, चपला लांब काढती. आज परत नेऊन बघते, घेतलं तर घेतलं."

ती माझ्याचसाठी रांगेत उभी होती. मला दोन पेले ताक पिताना पाहूनसुद्धा, दुसऱ्याच दिवशी.

मी तिथंच मातीत बसले. म्हणाले, "जयभीम, ताई. तुमच्या घरचं पाणी द्या मला." सुनेनं तोच तांब्या आणला. मी ओठाला लावून प्यायले. पाणी कोमट होतं.

आमच्या घरात एक डॉक्टर आहे. तो म्हणतो, उष्माघात, भ्रम. असेल बाबा. पण चपलांचं मला कुणी सांगितलं? मी त्या लांब काढते, हे माझं मलाच माहीत नव्हतं. आणि तो ओला पदर? पन्नास वर्षं झाली, या आक्षेपाची पूर्तता अजून कुणी केलेली नाही. मीही नाही.

एवढंच झालं... तेव्हापासून मी कुणाच्या घरी गेले काय नि आपल्या घरी आले काय, चपला दाराच्या अगदी मधोमध काढते. नातवंडं अडखळतात, सून ओरडते, "आई, बाजूला काढा की!" ओरडू दे. मी नाही काढत बाजूला.

धुरपदामावशीला दिसायला हव्यात.