देवाघरचा निरोप

बाईंचं लग्न का झालं नाही असं कोणी विचारलं, तर त्या "वेळच मिळाला नाही बाई" म्हणत, जसं काही भाजी आणायची राहून गेली. शाळेत गणित शिकवायच्या. अंगाने काटक, आवाजाने खणखणीत, आणि नाकावर माशी बसू देतील तर शपथ. चाळिशी जवळ आली तेव्हा एका रविवारी चर्चच्या मंडळाने विचारलं, परदेशातल्या मिशनच्या शाळेत शिकवायला आणि तिथल्या तरुण पोरांमध्ये काम करायला कोण जाईल? सगळी मंडळी एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागली. बाईंनी हात वर केला.

घरी भावाने आकाशपाताळ एक केलं. "इथली पोरं संपली का? सातासमुद्रापार जाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणार!"

"भाजते," बाई म्हणाल्या. "तू नको येऊस खायला."

वहिनी मात्र त्यांची बॅग भरत राहिली आणि मधूनच डोळे पुसत राहिली.

तिथे बाईंना शाळेच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. पलंग, टेबल, एक खुर्ची, आणि खिडकी उघडली की समोर लाँड्रीची मागची भिंत. इस्पितळाच्या आणि लॉजच्या चादरी तिथे धुतल्या जात. दिवसभर भिंतीतल्या नळकांड्यांतून वाफ बाहेर पडे आणि बाईंच्या वह्यापुस्तकांना साबणाचा वास येई. भाषा त्यांनी वर्षभरात शिकून घेतली. मेहनतीत बाई कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण गोची अशी होती की जीभ त्या भाषेत वळली तरी डोकं मराठीतच राहिलं. मनात मराठी वाक्य उठायचं आणि बाई त्याला तसंच्या तसं उचलून पलीकडे नेऊन ठेवायच्या.

पहिल्याच वर्षी दंगा करणाऱ्या वर्गाला त्यांनी त्या भाषेत ठणकावलं, "माझं डोकं खाऊ नका!" वर्ग चिडीचूप झाला. एका मुलीने घाबरून मागच्याकडे पाहिलं. मग जो हशा उठला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. पुढे जेवणाच्या सुट्टीआधी बाई म्हणाल्या, माझ्या पोटात कावळे ओरडतायत. परीक्षेचे पेपर तपासताना म्हणाल्या, माझ्या नाकाशी नऊ आले. कोण नऊ, कुठून आले, पोरं आठवडाभर मोजत होती.

दुसरी एखादी असती तर खजील झाली असती. बाईंनी तेच भांडवल केलं. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत तरुणांची सभा भरवायची होती. आधी चार टाळकी यायची, त्यातली दोन पंख्याखाली बसायला. मग बातमी पसरली की तिथे एक मास्तरीण आहे, तिच्या पोटात कावळे आहेत. खोली भरायला लागली. गाणी व्हायची, बायबलच्या वचनावर बोलणं व्हायचं, भांडणं व्हायची, प्रेमप्रकरणं बाईंच्या कानावर यायची आणि तिथेच राहायची.

त्यात एक आला तो निव्वळ टिंगल करायला. उंच, मान पुढे काढून चालणारा, म्हणून सगळे त्याला उंट म्हणत. शाळा सोडलेली, दिवसभर बाजाराच्या कोपऱ्यावर उभा. मागच्या बाकावर बसून तो बाईंची नक्कल करायचा, आणि इतकी हुबेहूब की बाईंनाच हसू फुटायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा आला. मग लवकर येऊन बाक मांडायला लागला. मग मोडक्या बाकांचे पाय तारेने बांधायला लागला. टिंगल करता करता तो बाईंचीच भाषा बोलायला लागला. "बाई, आज माझ्याही पोटात कावळे," असं म्हणत आत यायचा.

देवाच्या नावाने सगळ्या पोरांवर सारखी माया करायची, असं बाईंनी निघतानाच ठरवलं होतं. पण मायेचा भागाकार गणिताच्या बाईंनाही जमला नाही. उंट येईपर्यंत त्यांचं लक्ष दाराकडे असायचं. तो त्यांना पोटच्या पोरासारखा वाटायचा, आणि हे त्या देवालासुद्धा जरा चाचरतच सांगत असाव्यात.

उंटाची आई समोरच्या लाँड्रीतच कामाला होती. नवरा कधीच सोडून गेलेला, हे एकच लेकरू. एक दिवस ती ओल्या हातांनीच जिना चढून वर आली.

"अहो बाई, तुम्हाला पोरं हवी होती तर स्वतःची करायची होतीत. माझ्याकडे एकच आहे. घरात असला तरी तोंडात तुमचंच नाव. बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. माझा आहे तो."

तिचं म्हणणं खरं होतं, तेच तर बाईंना झोंबलं.

वर त्यांनी आणखी एक केलं. आईच्या मनात होतं की पोराने लाँड्रीत हातगाड्या ढकलाव्यात, डोळ्यांसमोर राहावं. उंटाला कसब हवं होतं. बाई वेल्डिंगच्या कारखान्यात गेल्या, मालकाला भेटल्या, माझ्या शब्दावर घ्या म्हणाल्या. मालकाने घेतलं.

"त्या आगीत घालताय माझं पोर," लाँड्रीवाली म्हणाली.

"अहो, हातात कला आली की जन्माचं कल्याण होईल त्याचं. काळजी कसली करता? मी आहे ना!"

मी आहे ना. किती सहज म्हणतो आपण. जसं काही आपण असल्याने जगातल्या विस्तवाचा धर्म बदलणार आहे.

तेव्हापासून बाईंच्या मनाने एकच गोष्ट घेतली. या बाईने एकदा तरी म्हणावं, की माझ्या लेकराचं तुम्ही बरं केलंत. शनिवारची खोली भरत होती, मंडळाकडून शाबासकी येत होती, पण बाईंना हवी होती ती पावती समोरच्या वाफेत उभी होती. आणि ती मिळायची चिन्हंही दिसायला लागली. उंटाने लाँड्रीतल्या लंगड्या टेबलाला नवा पाय जोडून दिला. त्यानंतर एकदा जिन्याखाली गाठ पडली तेव्हा आई बाईंकडे न बघता म्हणाली, "हल्ली वेळेवर घरी येतो." एवढंच. बाई आठवडाभर त्या चार शब्दांवर जगल्या.

पुढे एका दुपारी कारखान्याचा मालक शाळेत आला. वर्गाच्या दारात उभा राहिला, त्याच्या बाहीला काजळी होती. तेलाची एक टाकी जोडायला आली होती. रिकामी आहे, धुतलेली आहे, असं आणणाऱ्याने सांगितलं. आत तेलाची वाफ राहिली होती. उंटाने ज्योत लावली आणि टाकी फुटली.

"मेला," मालक म्हणाला. "जागच्या जागी मेला. इस्पितळात नेलंय. त्याच्या आईला तुम्हीच सांगा. माझ्याने नाही होणार. तुम्हीच आणला होतात त्याला."

बाईंना आधी काय टोचलं असेल, तर तो शब्द. मेला म्हणे! कुत्रं मरतं, मांजर मरतं, आणि शिव्या देताना माणूस मरतो. आपल्या माणसाबद्दल असं बोलतात का? त्यांच्या घरी आजोबा गेले, वडील गेले, कुणी हा शब्द तोंडातून काढला नव्हता. त्या जिना उतरल्या आणि लाँड्रीकडे निघाल्या, तेव्हा मनात एकच निश्चय होता: मी तिला नीट सांगेन. मायेने सांगेन.

आई मोठ्या इस्त्रीच्या यंत्रापाशी चादर सरकवत होती. बाईंनी तिचा हात धरला. मनात मराठी वाक्य आपोआप उठलं, आणि नेहमीच्या सवयीने बाईंनी ते उचलून पलीकडे ठेवलं.

"तुमचा मुलगा देवाच्या घरी गेला."

आता त्या भाषेत चर्चला दुसरा शब्दच नाही. चर्च म्हणजे देवाचं घर. बाई स्वतः दर रविवारी हाच शब्द वापरत, पोरांना शनिवारी देवाच्या घरी या म्हणून सांगत. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात ना ती भाषा होती, ना चर्च.

आईने यंत्र बंद केलं. "कामाच्या दिवशी?" एवढं पुटपुटली. हात पुसले, एप्रन काढून खुंटीला लावला. टेबलाखालचा डबा उचलला. सकाळी उंट तो विसरून गेला होता.

"उपाशी असेल," ती म्हणाली आणि चालू लागली.

बाईंना हुंदका आला. दुःखात माणसाला काय सुचेल त्याचा नेम नाही, त्यांना वाटलं. बिचारीला शेवटचा घास भरवायचाय. पण ती इस्पितळाकडे वळली नाही, चर्चच्या रस्त्याला लागली, तेव्हा बाईंचा ऊर भरून आला. म्हणजे प्रार्थनेला चाललीय! जी कधी चर्चची पायरी चढली नाही, ती अशा वेळी देवाकडे धाव घेतेय. बाईंनी मागून चालता चालता देवाचे आभार मानले. होय, आभार मानले. पुढे जन्मभर जे आठवून त्यांना अंगावर पाणी ओतून घ्यावंसं वाटे, ते हेच.

आईने चर्चचं दार ढकललं. आत कोणी नव्हतं. ती बाकांच्या मधून पुढे गेली, मागच्या खोलीत डोकावली, परत आली.

"अरे बाळा," तिने हाक मारली. "बाहेर ये. लपतोस काय? रागवत नाही मी. काम सोडलंस तरी रागवत नाही. ये, जेवून घे."

बाई दारातच थांबल्या.

आईने वाकून बाकांखाली पाहिलं. लहानपणी तो तसा लपत असावा. मग हसतच बाईंकडे वळली. "कुठे बसवलंय त्याला, बाई?"

आता दुसरा इलाज नव्हता. तो शब्द बाईंना येत होता. भाषा शिकताना क्रियापदांच्या तक्त्यात पाठ केला होता: मी मरतो, तू मरतोस, तो मरतो. बाईंनी त्याचा भूतकाळ केला आणि तो त्या बाईच्या हसऱ्या तोंडावर मारला.

"मेला. कारखान्यात. टाकी फुटली."

आई खाली बसली. बाकावर नव्हे, फरशीवर. मग म्हणाली, "तू म्हणालीस, इथे आहे." आजवर ती बाईंना अहोजाहो करत होती.

अंत्यविधीला आईने बाईंना जवळ उभं राहू दिलं नाही. शनिवारची पोरं सगळी आली होती. ती आईभोवती उभी राहिली आणि बाई फाटकाशी, मालकाच्या शेजारी. पुढच्या शनिवारी सभा भरली. बाईंना धीर द्यावा म्हणून एक मुलगी भोळेपणाने म्हणाली, "बाई, आमच्या नाकाशी नऊ आले." कोणी हसलं नाही. तीच रडायला लागली. त्यानंतर बाईंनी त्या भाषेत एकही म्हण, एकही वाक्प्रचार तोंडातून काढला नाही. प्रत्येक वाक्य बोलण्याआधी तपासून घ्यायच्या. बोलणं बिनचूक झालं, आणि खोलीतली पोरं एकेक करून कमी होत गेली. त्यांनाही दोष कसा देणार? ती कावळ्यांसाठी आली होती, शुद्ध व्याकरणासाठी नव्हे.

बाई तरीही पुष्कळ वर्षं राहिल्या. शाळा केली, उरलेल्या पोरांची सभा केली. समोरची वाफ रोज बघत राहिल्या. लाँड्रीवाली जिन्याखाली भेटली तर भिंतीजवळून जावं तशी जाई. शेवटी गुडघे बोलायला लागले तेव्हा मंडळाने त्यांना परत बोलावलं. निघण्याच्या आदल्या दिवशी बाई लाँड्रीत गेल्या. माफी मागायची होती, आणि मनाच्या तळाशी अजूनही ती जुनी आशा होती. आशेला लाज नसते.

आईचे केस पांढरे झाले होते. जोडीदारीण त्या दिवशी रजेवर होती, आणि मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. तिने बाईंकडे पाहिलं आणि चादरीची दोन टोकं त्यांच्यापुढे केली. बाईंनी धरली. दोघींनी चादर ताणली, झटकली, दुमडली. जवळ आल्या, टोकाला टोक लावलं, पुन्हा लांब झाल्या. एक चादर झाली, दुसरी झाली. बाईंच्या काळजात काहीतरी सैल व्हायला लागलं. तिसऱ्या चादरीला समोरासमोर आल्या तेव्हा आईने विचारलं,

"तुला दुसरा शब्द येत होता. मग आधी तो का नाही म्हणालीस?"

"आमच्याकडे तो शब्द," बाई अडखळल्या, "आपल्या माणसाबद्दल वापरत नाहीत."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. त्या भाषेत 'आपलं' म्हणायला वेगळा शब्द नाही. एक तर तुझं म्हणा, नाही तर तुझं आणि माझं. इतकी वर्षं तोलूनमापून बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून निघालं होतं, तुझ्या-माझ्या माणसाबद्दल.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"माझा होता," ती म्हणाली. "एकटीचा."

बाईंना खूप काही सांगायचं होतं. त्याच्यासाठी उशी किती भिजली ते, दर शनिवारी दाराकडे नजर अजून कशी जाते ते. पण ते दुःख ठेवून घ्यायचा हक्क त्यांना कुणी दिलेला नव्हता.

"हो," बाई म्हणाल्या. "तुमचाच होता."

आईने चादरीची टोकं त्यांच्या हातातून काढून घेतली. चादर मोठी होती, अर्धी फरशीवर लोळली. ती तिने हनुवटीखाली धरली, हात लांबवले, आणि वाकडीतिकडी का होईना, घडी एकटीनेच घातली. मग पुढची चादर घेतली.