पालकसभेतली एक शिंक

या ऑनलाइन कट्ट्यावरच्या मंडळींनो, स्वाइन फ्लूमुळे बंद पडलेली, मी शिकवते ती आमची शाळा सोमवारी उघडायची का, हे ठरवायला आज दुपारी पालकसभा झाली. सगळ्यांच्या नाकाशी कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या.

आंब्याच्या बागा असलेले नाना म्हणाले, "बाई, गणपतीत घराघरात मुंबईकर येऊन गेलेत. आणखी आठवडा थांबलात तर काय बिघडतंय?"

मी म्हटलं, "नाना, तुमचा नातू रोज संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर भेळ खातो. फ्लू काय फक्त फळ्यावर बसतो?"

सभा हसली. आता शाळा उघडणार, असं वाटलं. तेवढ्यात शेजारच्या बाईंच्या कापराने मला शिंक आली. एकच, पण माझा अख्खा बाक रिकामा झाला.

"बघा!" नाना म्हणाले. झालं, शाळा बंदच राहिली.

मुलांचं नुकसान होतंय, हे मी तळमळीने सांगितलं, ते खरंच आहे. पण शाळा बंद असली की दिवसभर मला हाक मारणारं कोणी नसतं, हे काही सभेत सांगता येत नाही.

घरी आले. साडीला कापराचा वास अजून होता, पुन्हा शिंक आली. या वेळी कोणी उठून गेलं नाही. उठायला कोणी नव्हतंच.

तुमच्याकडच्या शाळा उघडल्या का? दोन ओळी लिहा. इथून शिंक पोचत नाही.