लिन काकांचा पॅनकेक आणि माझी चपाती

"ही चपाती आहे," लिन काका म्हणाले. "कांद्याची पात घातलेली चपाती." आणि प्लेट माझ्याकडे सरकवली.

यार! अख्खी सकाळ घालवली होती मी त्यावर!

थांबा, नीट सांगते. मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या एका क्लिनिकमध्ये डाएटिशियन आहे. आमच्याकडे टीचिंग किचन आहे, म्हणजे पेशंटला काय खायचं ते नुसतं सांगत नाही, करून दाखवतो. लिन काका रिटायर्ड इंजिनियर. डायबेटिस. त्यांची ए-वन-सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, वर वर चाललेली. आणि दर रविवारी ते स्वतःच्या हाताने स्कॅलियन पॅनकेक करणार. मैद्याची, आत कांद्याची पात, पदर सुटणारी जाडसर पोळी, भरपूर तेलात तळलेली! आधीच्या डाएटिशियनने ते बंद करायला सांगितलं, तर काकांनी क्लिनिकला येणंच बंद केलं. ह्यावेळी त्यांची मुलगी एमी त्यांना कसंबसं घेऊन आलेली.

माझी मॅनेजर डॅना सकाळीच म्हणाली होती, "आज नाराज होऊन गेले तर परत येणार नाहीत. मग थेट इमर्जन्सीमध्येच दिसतील."

पण मला काय कॉन्फिडन्स! लाटणं म्हणजे आपलं होम ग्राउंड. त्यांच्या पॅनकेकची हेल्दी आवृत्ती केली: पूर्ण कणीक, गार पाणी, आत तेल शून्य, पॅनवर कोरडी भाजली. टम्म फुगली! मी एकदम खूश.

आणि आता काका जॅकेट चढवत होते.

"मिस्टर लिन, जायच्या आधी तुम्ही करून दाखवा ना."

"तू डाएटिशियन. मी पेशंट."

"आज उलटं!"

काका परत ओट्याकडे वळले. मग जॅकेट काढलं.

त्यांनी पिठात उकळतं पाणी घातलं. "पोळी मऊ राहते." अरे, आपल्या उकडीसारखंच की! पीठ झाकून ठेवलं. मग लाटलं, तेल फासलं, मीठ, पात, गुंडाळी केली, गुंडाळीचं वेटोळं, परत लाटलं. मग पॅनमध्ये ओतायला तेलाची बाटली उचलली.

"स्टॉप!" मी बाटलीच धरली.

कारण तेव्हा ट्यूब पेटली. तेल दोन जागी होतं. आतलं पदर वेगळे ठेवतं, म्हणजे काम करतं. पॅनमधलं बरंचसं नुसतं शोषलं जातं. मी हुशारीने दोन्ही काढून टाकलेली!

"आतलं तेल ठेवू या," मी म्हणाले. "पण आम्ही चिरोट्यांना साटा लावतो तसं. तेलात पीठ कालवायचं, थोडंसंच सगळीकडे पुरतं."

"तो आमचा आहे. माझी आई असंच करायची."

"अहो, आमचा आहे!"

"चायना जुना आहे."

"चिरोटेपण जुने आहेत!"

"गाईज," एमी म्हणाली, "पॅन तापलाय."

दुसरी बॅच अर्धी कणीक, अर्धा मैदा. आत साटा आणि ढीगभर पात. आकार छोटा. पॅनमध्ये चमचाभर तेल, आधी झाकण, मग झाकण काढून कुरकुरीत. डिपमध्ये सोया सॉस कमी, व्हिनेगर जास्त. बाजूला अंडं आणि काकडी, म्हणजे एकाच पॅनकेकवर पोट भरेल.

काकांनी घास घेतला. कुर्र! मग उरलेल्याचे पदर बोटाने सोडवून तपासले. इंजिनियर ना!

"नॉट बॅड."

बस? एमी माझ्या कानात म्हणाली, "माझ्या ग्रॅज्युएशनलापण एवढंच म्हणाले होते."

मी ओट्याला टेकले.

जाताना काका फ्रंट डेस्कपाशी थांबले. एमी पार्किंगकडे निघाली होती, तिला थांबायला सांगितलं आणि पुढची अपॉइंटमेंट स्वतःहून घेतली. डॅनाने काचेतून मला थम्स अप केलं.

तर, कुणाच्या ताटातलं तेल काढायच्या आधी ते तिथे काय काम करतंय ते विचारा. आणि टम्म फुगलं म्हणून नाचू नका. पॅनकेक फुगायचा नसतो, त्याला पदर सुटायला हवेत.