चौतीस नंबरविषयी एक खुलासा

“उपांत्य सामन्यातील चुकीमुळे वगळल्याचा राग मनात धरून चौतीस नंबर अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीच, कुणालाही न सांगता, निघून गेला.” आमच्या मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत श्री. सबनीस यांनी हे वाक्य लिहिले आहे. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यात दोष एवढाच, की ते खोटे आहे.

मी भूमापन खात्यात तीस वर्षे मोजणी केली. बांधाच्या भांडणांत दोन्ही बाजूंच्या शपथा ऐकल्या, आणि हे शिकलो, की निकाल शपथेवर लागत नाही, खुणेच्या दगडावर लागतो. तेव्हा सबनिसांच्या चार पानांना उत्तर म्हणून मी त्या माणसाविषयी, मला ठाऊक आहे तेवढेच, क्रमाने सांगतो. खुणेचा दगड शेवटी दाखवीन.

चौतीस हा त्याच्या पाठीवरचा आकडा. मूळचा तो सांगोल्याचा, वॉटर्लूच्या एका कंपनीत नोकरीला, आणि दर शनिवारी आमच्या या परदेशातल्या गावी, मिल्टनला, येऊन ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणारा. हा खेळ आमच्या गावी आला तो माझ्या जावयामुळे. ग्रेग मेलबर्नचा. त्याने इथे संघ काढला, आणि सासरा म्हणून मला, सासऱ्याचे मित्र म्हणून सबनिसांना आणि डॉक्टर मेश्रामांना सीमारेषेबाहेर घडीच्या खुर्च्या मिळाल्या. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. दुरून लाथाडलेला चेंडू हवेत झेलला, की झेलणाऱ्याला निवांत नेम धरता येतो. म्हणून मागे राखण करणाऱ्याचे काम एकच: आपल्या वाट्याच्या माणसाला चिकटून राहायचे आणि त्याने झेलण्याआधी चेंडूला ठोसा मारायचा. हे काम चौतीसचे. संघात तो कधी असे, कधी नसे. यादीत बाराव्या क्रमांकाच्या वर त्याचे नाव क्वचित लागे.

त्याची पहिली खूण म्हणजे तो मागे वळत नसे. चेंडूमागे सुटला, की नाकासमोर सुटला. लंबगोल चेंडू जमिनीवर आपटला की कुठेही उडतो, अगदी उलटाही. तो उलटा उडाला, की चौतीस त्याला मागे टाकून दहा पावले पुढे गेलेला असे. गोरी मुले हसत. मी हसलो नाही, कारण मला कळले होते. हा मुलगा शाळेपासून खो-खो खेळलेला. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली, की खांब गाठेपर्यंत मागे फिरणे नियमबाह्य असते. पंधरा वर्षे ज्याच्या पायांना हा नियम पाजला, त्याचे पाय मिल्टनला आल्यावर तो विसरतील कसे? मी विचारले तेव्हा तो लाजून म्हणाला, “डोक्याला कळतंय काका. पायांना शिट्टी ऐकू येते.”

दुसरी खूण, मैदानाच्या रेषा. नगरपालिका सॉकरच्या रेषा मारून देते. लंबगोल आपला आपण आखावा लागतो. संघातली मुले तो डोळ्यांच्या अंदाजाने आखत, आणि मैदान बटाट्यासारखे दिसे. चौतीसने पहिल्याच महिन्यात दोन खुंट्या ठोकल्या, लांब दोरीची दोन टोके त्यांना बांधली, आणि ताणलेल्या दोरीच्या आत रंगाचे गाडे ढकलत एकट्याने असा निर्दोष लंबगोल काढला, की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. “गावाकडं सामन्याआधी आम्हीच चुन्याची फक्की मारायचो,” तो म्हणाला. “ज्याला खेळायला मिळणार नाही, तो सगळ्यात आधी येऊन मारायचा.” त्या दिवसापासून रंगाचे गाडे माझ्या गॅरेजमध्ये राहू लागले. गॅरेजचे दार उघडायचा आकडा दोघांनाच ठाऊक होता, मला आणि त्याला. काम झाले की तो गाड्याची टाकी धुऊन कालच्या वर्तमानपत्रावर उपडी घालीत असे, आणि दोरीचा इंग्रजी आठासारखा वेढा करून खुंटीला अडकवीत असे.

त्याचे संघात करायचे काय, यावर आमच्या खुर्च्यांत दोन वर्षे वाद चालला.

“याला पुढे घ्या हो,” सबनीस म्हणत. “पाय बघा त्याचे! हरीण आहे हरीण. मागे काय राखण करायला उभा केलाय?”

“काय बोलून राहिले तुम्ही!” डॉक्टर मेश्राम थर्मासचे झाकण फिरवत म्हणत. ते नागपूरचे, जनावरांचे डॉक्टर. “पुढे घेतला तर खांब ओलांडून सरळ हायवेला लागेल तो. मागेच ठेवा. धरला माणूस सोडत नाही पोरगा.”

“मग बसवून ठेवा.”

“बसायला आपण तिघं आहोत ना जी. अजून किती पाहिजेत?”

मी दोघांनाही मूर्खात काढले. प्रश्न जागेचा नाही, मी म्हणालो, वळण्याचा आहे. त्याला वळायला शिकवा, म्हणजे तो कुठेही खेळेल. आणि सांगून थांबणारा मी माणूस नव्हे. त्या हिवाळ्यात तो शनिवारी माझा ड्राइव्ह-वे शोव्हल करायला येई. बर्फ सारून झाले, की मी पायऱ्यांवर कानटोपी घालून उभा राहत असे आणि चेंडू असा आपटीत असे, की तो उलटाच उडावा. “फीर!” मी ओरडत असे. समोरच्या घरातील बाईंना वाटे, की मी त्याला हाकलतो आहे. सुरुवातीला तो पार टपालपेटीपर्यंत धावत जाई आणि तिला हात लावूनच परते. फेब्रुवारीत तो पहिल्यांदा अर्ध्यावरून वळला. मी पायरीवरच टाळ्या वाजवल्या. तो धापा टाकीत म्हणाला, “फाऊल झाल्यासारखं वाटतंय काका.” मी म्हणालो, “सवय होईल.”

उपांत्य सामन्यात काय झाले, हे सबनिसांनी बरोबर लिहिले आहे. फक्त कारण लिहिलेले नाही, कारण ते त्यांना ठाऊक नाही. शेवटची दोन मिनिटे उरली होती. चेंडू आपटला आणि उलटा उडाला. चौतीस आपल्या माणसाला खांद्याला खांदा लावून धावत होता. पूर्वीचा चौतीस तसाच धावत राहिला असता, आणि ते योग्यच ठरले असते, कारण मागे चेंडू घ्यायला आमचे दोघे उभे होते. पण तो वळला. अगदी मी शिकवले तसा, उजव्या टाचेवर, सुंदर वळला. सुटलेल्या माणसाला पुढचा चेंडू एकट्याला मिळाला आणि त्याने गोल केला. आम्ही कसेबसे एका गुणाने वाचलो. ग्रेग माझ्या शेजारी येऊन, कुणाला उद्देशून न बोलता, म्हणाला, “त्याच्याकडे एकच गोष्ट होती. तो आपला माणूस सोडत नव्हता. आता तेही गेलं.”

मी जन्मभर प्रत्येकाशी भांडलो आहे. त्या क्षणी मी माझी खुर्ची घडी घालून काखेत मारली.

पुढच्या गुरुवारी चौतीस माझ्याकडे आला. वॉटर्लूची नोकरी गेली होती. हॅलिफॅक्सला नवी मिळाली होती, सोमवारी रुजू व्हायचे होते. शनिवारच्या अंतिम सामन्यात नाव लागले तर तो रविवारी जाणार होता, नाहीतर शनिवारी दुपारच्या विमानाने. “एकच सामना काका,” तो म्हणाला. “तिकडं संघ नाही. चौकशी केली मी.” मी म्हणालो, आत्ता ग्रेगला फोन करतो. त्यावर त्याने माझा हात धरला. “जावईबापूंना सांगायचं नाही. जातोय म्हणून दयेनं घेतलं, तर मी मैदानात उतरणार नाही. शपथ घ्या.” आणि वळायला मीच शिकवले, हे तरी सांगतो, असे मी म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, “वळलो मी ना? तुम्ही थोडेच वळलात?”

मी शपथ घेतली. आयुष्यात इतका मूर्खपणा मी दुसरा केलेला नाही.

शुक्रवारी मुलगी आणि जावई माझ्याकडे जेवायला होते. पानावर बसूनच ग्रेगने फोनवर संघाची यादी पाठवली, आणि मला दाखवली. चौतीस त्यात नव्हता. मी मुलीकडे पाहिले. तिने डोळ्यांनीच दटावले: बाबा, आज नको. आमच्याकडे जेवत्या जावयाला बोल लावायची रीत नाही. आणि रीत मोडली असती, तरी शपथ होतीच. माझ्याकडे त्याच्या बाजूने सांगण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. एक सांगायची नाही असे वचन होते, दुसरी सांगायला धीर नव्हता. ग्रेग म्हणाला, “बाबा, तुम्ही आज गप्प आहात.” मी त्याच्या पोळीवर तूप वाढले.

शनिवारी उजाडता उजाडता माझा पलंग थरथरला. माझी झोपायची खोली गॅरेजच्या वर आहे. दार वर जाताना खालची मोटर भिंतीतून कळते. मी उठलो नाही. खाली जाऊन मी काय सांगणार होतो? तास-दीड तासाने पलंग पुन्हा थरथरला. मग रस्त्यावर टॅक्सीचे दिवे भिंतीवरून सरकले आणि गेले. मी खाली गेलो, तेव्हा टाकी कालच्या वर्तमानपत्रावर उपडी होती आणि दोरीचा वेढा खुंटीला होता. वॉटर्लूहून विमानतळाकडे जाताना मिल्टन वाटेवरच लागते; पण हायवे सोडून आत वळावे लागते.

अंतिम सामना आम्ही जिंकलो की हरलो, याचे वर्णन स्मरणिकेत सविस्तर आहे; मी त्यात पडत नाही. दिवाळीत त्याचा फोन आला होता. मी माफीचे शब्द जुळवून ठेवले होते. त्याने “जावईबापू बरे आहेत ना?” असे विचारले, मग ग्रेगच्या गुडघ्याविषयी विचारले, मग हॅलिफॅक्सच्या वाऱ्याविषयी सांगितले, आणि माझे शब्द तसेच राहिले. मेश्राम म्हणतात, “लिहून पाठवा ना जी.” मी लिहायला बसतो, आणि पत्ता मागितलाच नव्हता, हे आठवते. फोन आता दुसराच कुणीतरी उचलतो.

मंडळाच्या सभेत मी हे सारे सांगितले, शपथ मोडून सांगितले. तेव्हा सबनीस सर्वांसमक्ष हसून म्हणाले, “अप्पा, तुम्ही कानातलं यंत्र काढून झोपता. स्वप्न पडलं असेल. रेषा शुक्रवारीच मारून ठेवल्या असतील पोरांनी.” सभा हसली. जावई मराठी वाचत नाही, मुलगी म्हणते आता पुरे करा, आणि स्मरणिका घरोघर गेली आहे. ती परत आणणे माझ्या हातात नाही.

माझ्या हातात आहे तो एक हातरुमाल. त्या सकाळी अंतिम सामना सुरू होण्यापूर्वी श्री. सबनीस नेहमीप्रमाणे रेषेवर जाऊन उभे राहिले, “अरे, नवे बूट!” म्हणून ओरडले, आणि माझ्याकडून हा रुमाल मागून घेऊन त्यांनी उजव्या बुटाचे टोक पुसले. मी तो धुतलेला नाही. रंग ओला होता.